टॉवरचं घड्याळ, देवळातली घंटा आणि न कळणारा भोंगा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सार्वजनिक घड्याळांवर दोन ओळी लिहिल्या आणि त्यावर इतकी पत्रं, मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. घंटा आणि लाऊडस्पीकरवाले प्रश्नही यातच घेतलेत, कारण गावाला एकत्र ऐकू जाईल असा आवाज करायचा हाच सगळ्यांचा मूळ विषय आहे.

प्रश्न: नमस्कार काका, आमच्या गावात बाजारपेठेत जुना टॉवर आहे, त्यावरचं चार तोंडांचं घड्याळ खूप वर्षांपासून बंद आहे. आता नगरपालिकेने मनावर घेतलंय पण आलेला ठेकेदार म्हणतो जुनं मशीन भंगारात घाला, मी इलेक्ट्रिक बसवून देतो आणि टोलांसाठी वर चार स्पीकर लावतो. बरोबर आहे का हे? (एक नगरसेविका, सातारा जिल्हा)

उत्तर: ताई, आधी ते मशीन भंगारात जाण्यापासून थांबवा, बाकी सगळं नंतर बघू. असलं घड्याळ बंद असतं तेव्हा ते मोडलेलंच असतं असं नाही, पुष्कळदा चावी देणारा माणूस रिटायर झालेला असतो आणि त्याची जागा कोणी भरलेली नसते, एवढंच. ही घड्याळं वजनांवर चालतात, आठवड्यातून एकदा (काही ठिकाणी त्याहून लवकर) हँडल फिरवून वजनं वर ओढून घ्यावी लागतात, ते थांबलं की घड्याळ थांबलं, मग तेलावर धूळ बसते, तेल चिकट होतं, कबुतरं आत संसार थाटतात आणि चार-पाच वर्षांनी वर गेलेल्या माणसाला वाटतं की संपलं सगळं. आतली पितळी चाकं मात्र बऱ्याचदा अजून दोन पिढ्या चालतील अशी असतात. मुंबईत सीएसएमटीचं आणि राजाबाई टॉवरचं, दोन्ही घड्याळं लंडनच्या लंड अँड ब्लॉकलीची आहेत, एकोणिसाव्या शतकातली, आणि ती टिकली कारण त्यांच्याकडे नेमाने बघणारं कोणीतरी होतं.

तर पहिलं काम म्हणजे जाणत्या माणसाला वर पाठवा आणि नुसतं बघून फोटो काढायला सांगा, हात लावायचा नाही. फ्रेमवर किंवा आतल्या छोट्या डायलवर बनवणाऱ्याचं नाव, साल सापडतं का बघा. वायर रोप गुंडाळायचे ड्रम किती आहेत ते मोजा, एक असेल तर ते फक्त वेळ दाखवतं, दोन असतील तर तासाचे टोलही देतं आणि तीन असतील तर पाव तासाची धूनही आहे, म्हणजे तुमच्या गावाकडे फार मोलाची वस्तू आहे. आणि एक, वजनांच्या खाली कोणालाही उभं राहू देऊ नका, ती शेकडो किलोंची असू शकतात आणि वर्षानुवर्षं लटकलेल्या गंजक्या रोपचा काही भरवसा नसतो.

ठेकेदार म्हणेल जुनं मशीन वेळ बरोबर दाखवत नाही. त्यात थोडं तथ्य आहे, लंबकाची दांडी लोखंडी असली तर तापमान दहा अंशांनी वाढल्यावर ती इतकीशी लांबते पण तेवढ्यानेच घड्याळ दिवसाला साधारण पाच सेकंद मागे पडतं, म्हणजे उन्हाळ्याच्या एका महिन्यात दोन-अडीच मिनिटं. पण त्यावरचा इलाजही लंबकातच आहे. लंडनच्या बिग बेनचं घड्याळ १८५९ पासून चालू आहे, तिथे लंबकावर एक छोटी बैठक आहे आणि तिच्यावर जुनी पेनीची नाणी रचलेली असतात. घड्याळ मागे पडायला लागलं की एक पेनी वर ठेवायची, तेवढ्याने लंबकाचा तोल केसभर वर सरकतो आणि घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं, पुढे पळत असेल तर एक पेनी काढून घ्यायची. तीनशे किलोंच्या वर वजनाचा लंबक एका नाण्याचं ऐकतो! तुमच्या घड्याळातही लंबकाखाली एक नट असणार, तो वर-खाली करून पाच-सहा आठवड्यांत वेळ जुळवता येते, फक्त करणारा माणूस एकच हवा आणि त्याने वहीत लिहून ठेवायला हवं.

आता हाताने चावी द्यायला माणूस मिळत नाही ही अडचण खरी आहे, तर त्यासाठी जुन्या मशीनलाच वजनं ओढणारी मोटर लावतात, घड्याळ तेच राहतं आणि चावीचं काम फक्त विजेवर जातं. हा सगळ्यात चांगला मार्ग. अगदीच मशीनचे तुकडे झालेले असतील तर मग प्रत्येक डायलमागे मोटर आणि खाली जीपीएसवरून वेळ घेणारं मास्टर घड्याळ बसवा, लाईट गेली-आली की काटे आपोआप जागेवर येतात, वाईट नाही ते, पण करारात लिहून घ्या की जुनं मशीन नगरपालिकेच्या आवारात काचेच्या पेटीत राहील आणि भिंतीला, फ्रेमला नवीन भोकं पाडली जाणार नाहीत.

स्पीकरचं मात्र स्पष्ट नाही म्हणा. वर घंटा आहे ना? मग तिला इलेक्ट्रिक हातोडा लावा. टॉवरवर ऊन, पाऊस, वारा खाणाऱ्या भोंग्याचं युनिट किती टिकेल ते कोणत्याही मंडपवाल्याला विचारा, एका पावसाळ्यात पडदा जातो आणि मग गावभर फाटका टोल. घंटेला काही होत नाही.

प्रश्न: काका, मी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला असते. इथल्या डोम टॉवरमधून दर पाव तासाला सुरेल घंटा वाजतात आणि अधूनमधून तर तासभर चक्क गाणी चालतात. हे कोणी बसून वाजवतं की रेकॉर्डिंग असतं? आणि मुंबईचा राजाबाई टॉवरही पूर्वी गाणी वाजवायचा म्हणतात, तो पण असाच का? (एक वाचक, युट्रेक्ट)

उत्तर: रेकॉर्डिंग अजिबात नाही, आणि तुम्ही ज्या गावात राहताय ते या विषयाचं जवळजवळ माहेरघरच आहे. पाव तासाची धून यंत्र वाजवतं, मनोऱ्यात एक मोठा आडवा ड्रम असतो, त्याला खुंट्या बसवलेल्या असतात, ड्रम फिरला की खुंट्या तारा ओढतात आणि हातोडे घंटांवर पडतात, लहानपणीच्या चावीच्या म्युझिक बॉक्समध्ये असतं तसंच फक्त हत्तीएवढं. तासभर चालतात ती गाणी मात्र माणूस वाजवतो. वरती एका खोलीत लाकडी दांड्यांचा कीबोर्ड असतो, बोटांनी नाही तर मूठ वळून करंगळीच्या बाजूने त्या दांड्या खाली दाबायच्या आणि मोठ्या घंटांसाठी पायाने पेडल मारायचे, प्रत्येक दांडी तारेने थेट घंटेच्या लोळीला (आत लटकणाऱ्या ठोक्याला) जोडलेली असते म्हणून हळू-जोरात वाजवणं वादकाच्या हातात राहतं. याला कॅरिलॉन म्हणतात. किमान २३ सुरात लावलेल्या घंटा असल्या तरच कॅरिलॉन, त्याहून कमी असल्या तर त्याला नुसता चाइम म्हणतात.

सुरात लावलेल्या म्हणजे काय ते सांगतो कारण यातली खरी गंमत तीच आहे. घंटेवर एक ठोका मारला की एक सूर येत नाही, बरेच येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर घंटेचा सा धरला तर त्याच्याखाली एक सप्तक मंद्र सा गुणगुणत राहतो, वर कोमल गंधार, पंचम आणि तार सा असे एकत्र वाजतात. हो, कोमल गंधार! म्हणूनच चर्चच्या घंटेचा आवाज कितीही आनंदाच्या प्रसंगी वाजला तरी त्यात किंचित हुरहूर असते. घंटा ओतून काढली की हे सगळे सूर आपोआप जुळून येत नाहीत, घंटा उलटी करून आतून जागोजागी धातू खरवडून एकेक सूर जागेवर आणावा लागतो. हे नेमकं कसं करायचं ते सतराव्या शतकात तुमच्या युट्रेक्टच्याच याकोब फान आइकने शोधलं, तो डोमचा घंटावादक होता आणि जन्मापासून अंध होता, घंटेजवळ शीळ घालून तो तिच्यातला एकेक सूर वेगळा जागा करून दाखवायचा असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. त्याचं ज्ञान आणि हेमोनी या दोन भावांची ओतकामातली कारागिरी एकत्र आली आणि १६४४ मध्ये झुटफेनला जगातलं पहिलं नीट सुरात लावलेलं कॅरिलॉन तयार झालं. तुमच्या डोमवरच्या बऱ्याच घंटा हेमोनींच्याच आहेत, म्हणजे तुम्ही साडेतीनशे वर्षं जुनं वाद्य रोज फुकट ऐकताय. जमलं तर बेल्जियममधल्या मेखेलेनलाही जाऊन या, तिथे १९२२ पासून कॅरिलॉन शिकवणारी शाळा आहे.

राजाबाईचं म्हणाल तर तिथे गाणी वाजायची हे खरं आहे, एकूण १६ धून होत्या आणि दिवसातून चार वेळा धून बदलायची, पण ते घड्याळाला जोडलेलं यंत्र वाजवायचं, आज दर पाव तासाला एकच धून ऐकू येते. २८० फुटी टॉवर, १८७८ मध्ये पूर्ण झाला, नकाशा काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेसुद्धा नाहीत, आणि पैसे दिले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आईचं नाव द्यायचं या अटीवर. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि जैन असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत जेवायचं असायचं, तर कोणालाही न विचारता त्यांना वेळ कळायची ती या टोलांवरून. मला तरी सार्वजनिक घड्याळ कशासाठी असतं याचं यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही.

(हेही सांगून टाकतो, त्या काळी मुंबईचं घड्याळ आजच्या भारतीय वेळेच्या सुमारे ३९ मिनिटं मागे असायचं. १९०६ मध्ये देशाची एक वेळ ठरली तरी मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.)

प्रश्न: भारतात अशा घंटा कुठे ऐकायला मिळतील? पुण्याजवळ असेल तर उत्तम. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: गुरुवार पेठेतलं पंचहौद चर्च, लांब जायलाच नको. टिळक, रानडे वगैरे मंडळींनी मिशनऱ्यांकडे चहा घेतला आणि ग्रामण्य (जातीच्या बहिष्काराचा वाद) झालं ते १८९० चं प्रकरण तिथलंच. तिथे वेगळ्या उभ्या मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही आठ आहेत. पणजीला गेलात तर पायऱ्यांवरच्या मोठ्या चर्चची घंटा नक्की बघा, ती मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, मठ ओस पडला, घंटा मधे आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये पणजीला आली. कुठेही जाताना आधी विचारून जा, वर सोडतातच असं नाही.

प्रश्न: आमच्या देवस्थानात वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा आहे. काही विश्वस्तांना तिला ऑइलपेंट मारून आरतीसाठी मोटर बसवायची आहे. मला ते पटत नाही पण नीट कारण देता येत नाहीये. (एक विश्वस्त, पुणे जिल्हा)

उत्तर: कारणं मी देतो, मिटिंगमध्ये वाचून दाखवा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा आल्या आणि महाराष्ट्रातल्या देवळांमध्ये गेल्या, भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे आणि तिच्यावर तर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आजही हाताला लागतं. तुमच्या घंटेवरही काही अक्षरं, क्रॉस, साल असेल तर तो तिचा जन्मदाखला आहे आणि ऑइलपेंटचे दोन हात बसले की तो बुजला. रंगाचा थर आवाजही दाबतो. चिंच-पावडर लावून घासून चकचकीत करणंही नको, तो हिरवट-काळा थर धातूचं रक्षणच करतो.

घंटेचा धातू म्हणजे साधारण ७८-८० टक्के तांबं आणि बाकी कथील, वाजायला अप्रतिम पण ठिसूळ, काशाचं भांडं पडलं की तडकतं ना, हा त्याच घराण्यातला धातू. म्हणून ठोका कसा पडतो याला फार महत्त्व आहे. हातोडा आपटून लगेच मागे यायला हवा आणि थांबलेला असताना घंटेपासून थोडा सुटा राहायला हवा, तो टेकून राहिला तर नाद मरतो आणि पुढचा ठोका तडा पाडू शकतो. बाजारात मिळणारी मोटरवाली आरतीची यंत्रं पातळ पितळी घंटांसाठी असतात, ती तीनशे वर्षं जुन्या ओतीव घंटेला लावायचीच नाहीत. दोरी लोळीला बांधून जोरात ओढून धरणं हेही तितकंच वाईट, लोळी घंटेला दाबून राहते. बिग बेनची गोष्ट सांगा त्यांना, १३ टनांहून जड घंटा, १८५९ मध्ये वाजायला लागली आणि दोन-अडीच महिन्यांत तडकली, कारण घंटा ओतणाऱ्याने सांगितल्यापेक्षा जड हातोडा लावला होता. मग चार वर्षं तासाचे टोल दुसऱ्या घंटेवर दिले, शेवटी घंटा थोडी फिरवून हातोडा नव्या जागी पडेल असं केलं आणि हातोडाही हलका केला. तडा आजही आहे.

तुमच्याकडे आरतीला माणसं असतात ना, मग हाताने वाजवा, हाच उत्तम उपाय आहे. आणि तडा असेलच तर गावातल्या वेल्डरला चुकूनही बोलवू नका, साध्या वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाढतो, आधी पुरातत्त्व खात्याशी बोला.

प्रश्न: टॉवरच्या घड्याळात चार बाजूंना चार वेगवेगळ्या वेळा दिसतात, मशीन एकच ना? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: मशीन एकच, पण तिथून प्रत्येक डायलकडे वेगळी दांडी जाते आणि प्रत्येकीचे गियर वेगळे झिजतात. त्यात काटे मोठे, त्यांच्यावर घारी-कबुतरं बसतात, वारा ढकलतो. काट्याच्या मागच्या शेपटीला समतोलाचं वजन असतं, ते निघालं असेल तर काटा बाराकडून सहाकडे उतरताना पुढे पडतो आणि चढताना मागे राहतो. ते वजन आणि काट्याचा क्लच (काटा दांडीला धरून ठेवणारा भाग) आधी तपासायला सांगा.

प्रश्न: आमच्या स्टँडवर अनाउन्समेंट होते पण पाटण म्हणाले की पैठण तेच कळत नाही. तक्रार केली तर अजून दोन भोंगे वाढवले, आता तर काहीच कळत नाही. (नियमित प्रवासी, कराड)

उत्तर: वाढवलेत म्हणूनच कळत नाही! आवाज मोठा असणं आणि शब्द कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे स्टँड असो, मंगल कार्यालय असो की ग्रामसभा, सगळा पैसा पहिल्या गोष्टीवर जातो.

बघा, आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, आपल्या उन्हाळ्यात थोडा जास्त. तुम्ही एका भोंग्यापासून दहा मीटरवर आणि दुसऱ्यापासून पंचेचाळीस मीटरवर उभे असाल तर तोच शब्द तुम्हाला एकदा ऐकू येतो आणि साधारण एक दशांश सेकंदाने परत ऐकू येतो, तोपर्यंत पुढचं अक्षर सुरू झालेलं असतं, म्हणजे ‘पा’वर ‘टण’ चढतं. शेडचा पत्रा आणि काँक्रीटचा प्लॅटफॉर्म त्यात आपले प्रतिध्वनी घालतात. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांवरून, ती बारीक आणि क्षणभराची असतात आणि या गोंधळात पहिल्यांदा तीच मरतात, राहतो फक्त आ-ऐचा घुमारा. अॅम्प्लिफायर दुप्पट वॅटचा आणला तर फक्त ३ डेसिबल वाढतात आणि गोंधळही तेवढाच वाढतो.

करायचं काय तर उलटं करायचं. कोपऱ्यात उंचावर चार मोठे भोंगे लावण्यापेक्षा प्रत्येक फलाटाच्या वर, माणसांच्या जवळ, खाली तोंड करून छोटे स्पीकर लावायचे आणि प्रत्येकाचा आवाज कमी ठेवायचा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज ६ डेसिबलने पडतो, त्यामुळे जवळचा छोटा स्पीकर लांबच्या मोठ्याला सहज हरवतो आणि लांबचा मुळात तुमच्यापर्यंत पोचतच नाही. लांब वायरसाठी १०० व्होल्ट लाईनची सिस्टीम घ्या, त्यात प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, ५ वॅट, १० वॅट जिथे जितकं हवं तितकं ठेवता येतं. मोठे भोंगे ठेवायचेच असतील तर एकमेकांसमोर तोंड करून नको, सगळे एकाच दिशेला, आणि पुढच्या रांगेला डिले लावा, म्हणजे तिचा आवाज किंचित उशिरा सुटेल, दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. अॅम्प्लिफायरवर बास पूर्ण कमी करा, घुमारा तिथूनच येतो. आणि हे सगळं करण्याआधी, अगदी आजच, एक बिनपैशाचं काम होऊ शकतं: बोलणाऱ्याने माईक तोंडापासून वीतभर लांब धरून, गावाचं नाव दोनदा, मधे थांबून म्हणायचं. ‘पाटण. फलाट क्रमांक चार. पाटण.’ डेपो मॅनेजरांना हे लेखी द्या, मला वाटतं ते ऐकतील.

प्रश्न: सांगली जिल्ह्यात एका गावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि सगळे मोबाईल-टीव्ही बंद करतात असं ऐकलं. आमच्या ग्रामपंचायतीतही करायचंय, कोणता भोंगा घ्यावा आणि परवानगीचं काय? (एक शिक्षिका, लातूर जिल्हा)

उत्तर: मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव. २०२२ मध्ये सुरू झालं, देवळावरचा भोंगा सातला वाजतो आणि दीड तास मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. टॉवरचं घड्याळ गावासाठी जे करायचं तेच हा भोंगा करतोय, सगळ्यांना एकाच क्षणी एक गोष्ट सांगतोय, म्हणून मला हे मनापासून आवडलेलं आहे. पण लक्षात घ्या, तिथे आधी बायकांच्या, पालकांच्या सभा झाल्या, शिक्षक घरोघरी गेले, मग लोक तयार झाले.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदी. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्यापेक्षा १० डेसिबलहून जास्त जायला नको किंवा ७५ च्या वर नको, यातलं जे कमी असेल ते. शाळा, दवाखाना यांच्या आसपास शंभर मीटर शांतता क्षेत्र असू शकतं ते तलाठी किंवा पोलीस स्टेशनला विचारून घ्या. भोंगा पाच-दहा सेकंद पुरतो, मिनिटभर नको, आणि त्याचा सूर अॅम्ब्युलन्ससारखा वर-खाली होणारा नसावा, एकसारखा असावा, नाहीतर म्हातारी माणसं दचकतात. मोठ्या एका भोंग्याऐवजी गावाच्या दोन टोकांना दोन मध्यम लावा, स्टँडच्या उत्तरात सांगितलेला घोळ इथे होत नाही कारण शब्द नाहीत, नुसता इशारा आहे. वेळेसाठी साधा डिजिटल टायमर चालतो पण तो महिन्यातून एकदा मोबाईलच्या वेळेशी जुळवायला एक नाव ठरवा आणि ग्रामपंचायतीच्या ठरावातच ते लिहा. आणि पहिला महिना आवाज लहानच ठेवून गावाच्या चारी बाजूंना माणसं उभी करून विचारा, ऐकू आलं का, मग लागेल तेवढाच वाढवा.